आलोचनगरचा गजर

त्या शहराचं खरं नाव टपालाच्या शिक्क्यावर आणि शाळेच्या दाखल्यांवर काय ते उरलं होतं. एरवी आसपासचे सगळे त्याला आलोचनगर म्हणत, आणि खुद्द तिथले लोकही तेच म्हणत, कारण नावं ठेवणाऱ्यांशी भांडायला जायचं तर आधी घरातून वेळेवर निघावं लागतं. तिथल्या माणसाला फोन करून विचारा, कुठे आहात? अंगाला साबण लावलेला असेल, एक डोळा मिटलेला असेल, पण तो छातीठोकपणे सांगणार, "आलोच." बाहेरचे म्हणत की तिथली मुलं दहाव्या महिन्यात जन्माला येतात आणि तिथे आधी गडगडाट ऐकू येतो, वीज मागाहून चमकते. हे ऐकून आलोचनगरवाले पोट धरून हसत. तेही जरा उशिरानेच.

असं नव्हतं की त्यांनी सुधारायचा प्रयत्न केला नव्हता. घरोघरी घड्याळं पुढे लावलेली होती, कुणाचं दहा मिनिटं, कुणाचं वीस. दातांच्या दवाखान्यातलं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं आणि डॉक्टरीणबाई पन्नास मिनिटं मागे. आपलं घड्याळ किती पुढे आहे हे ज्याला त्याला पाठ, त्यामुळे माणूस मनातल्या मनात तेवढी मिनिटं वजा करी आणि वर आपल्या पदरची थोडी वजा करी. कुणी आठला बोलावलं तर साडेनऊला जायचं, कारण बोलावणाऱ्यानेही साडेनऊ धरूनच आठ सांगितलेले असत. आणि एवढं करूनही कुणी विचारलंच, तर गावाबाहेरच्या नदीवरचा पूल होताच. "पूल बंद होता," असं म्हटलं की काम भागे. ज्याला पूल ओलांडायचाच नव्हता तोही हेच सांगे.

अशा या गावात एकच माणूस वेळ पाळत होता, तो म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाच्या अरुंद गल्लीतला बेकरीवाला. भट्टी कुणासाठी थांबत नाही. पाव दोन मिनिटं जास्त राहिला तर कोळसा होतो, आणि कोळशाला 'आलोच' सांगून चालत नाही. तीस वर्षं हा माणूस पहाटे ठरल्या मिनिटाला उठला आणि रात्री आठच्या ठोक्याला झोपला. गावाने त्याचं नाव गजर ठेवलं. वय वाढलं, पोट सुटलं, तसे ते गजरशेठ झाले. शेठना या नावाचा इतका अभिमान होता की कधीकधी बघवत नसे. 'आलोच' हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. "निघायला सतरा मिनिटं लागतील," असं ते सांगत, आणि सतराव्या मिनिटाला चपला घालत.

गावाचा एक बँड होता. बँडमास्तर धरून एकतीस जण आणि बत्तिसावी शेठची लेक, ट्रंपेट वाजवणारी. वाजवायचे मात्र फक्कड, त्यात वादच नाही. निवृत्त शाळामास्तर त्यांचे बँडमास्तर होते. त्यांनी स्वतः एक तुकडा बसवला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'हाक'. सुरुवातीला ट्रंपेट एकटंच, लांबलचक हाक मारल्यासारखं. मग क्षणभर शांतता, मग मोठ्या ढोलाचं उत्तर, आणि मग सगळा बँड तुटून पडे. तालमीत हे ऐकून मागच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून खिडकीत येत.

पण स्पर्धा भरायची दोन तासांवरच्या ठोकेनगरात. खरं नाव त्याही शहराला होतं, पण ठोकेनगर म्हणजे ठोकेनगर. तिथे लोक घड्याळ लावून अंडी उकडतात आणि पाहुण्याला 'बसा' म्हणतानाच 'किती वेळ' तेही विचारतात, अशी आलोचनगरात ख्याती होती. स्पर्धेच्या पत्रात ठसठशीत अक्षरांत छापलेलं असे: दिलेल्या मिनिटाला पहिला सूर लागला पाहिजे, न लागल्यास नाव बाद. तीन वर्षं लागोपाठ आलोचनगरचा बँड बाद झाला होता. पहिल्या वर्षी एकोणपन्नास मिनिटांनी, दुसऱ्या वर्षी बारा, आणि गेल्या वर्षी चार. मास्तर याला प्रगती म्हणत.

यंदाची गोष्ट वेगळी होती. ठोकेनगरात एक नावाजलेलं संगीत विद्यालय होतं. त्याच्या प्राचार्या परीक्षक म्हणून बसत आणि दर वर्षी एका वादकाला तिथल्या तिथे निवडून घेत. अट एकच, वय एकोणिसाच्या आत. लेक पुढच्या महिन्यात एकोणीस पूर्ण करणार होती. तीन वर्षं तिने पॉलिश केलेलं ट्रंपेट बंद दारासमोर उभं राहून पुन्हा पेटीत ठेवलं होतं, आणि येताना बसमध्ये बाकीच्यांचीच समजूत घातली होती. शेठनी ते पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं ते शहाणं हसू आठवलं की त्यांना अख्ख्या गावाचा राग येई. ही शेवटची संधी होती. म्हणून यंदा त्यांनी व्यवस्थापक व्हायचं स्वतःहून मागून घेतलं.

शेठनी हिशेब मांडला तो आलोचनगरच्या माणसालाच सुचेल असा. वाजवायचं बाराच्या ठोक्याला. रस्ता दोन तासांचा. साडेनऊला बस सुटली तरी अर्धा तास हाताशी. म्हणजे सगळे नऊला चौकात हवेत. म्हणजे सांगायचे सात. त्यांनी फळ्यावर लिहिलं, बस ठीक सात वाजता. खाली दोन रेघा ओढल्या. खरी वेळ त्यांनी कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही. लेकीला मात्र आदल्या दिवशीच ट्रंपेटसकट ठोकेनगरला तिच्या मावशीकडे पोचतं केलं. निदान तिच्या बाबतीत त्यांना जुगार खेळायचा नव्हता. बँडचा मोठा ढोल शेठच्या बेकरीत असे, भट्टीच्या उबेने त्याचं कातडं ताणलेलं राही म्हणून. तो आपण पावाच्या गाडीतून घेऊन येऊ असं त्यांनी सांगितलं, आणि स्पर्धेचं पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. पत्र दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं तर ते पुढच्या वर्षी सापडलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सातला शेठ पावाची तिसरी खेप भट्टीत सरकवत होते, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. सगळे आलेत, आता फक्त तुम्ही या, असं मास्तर म्हणाले. शेठना हसू आवरेना. सगळे आलेत म्हणजे नेमके किती जण अजून अंथरुणात आहेत, असं त्यांनी विचारलं. मास्तर काकुळतीला येऊन सांगायला लागले, अहो खरंच, आणि ऐका, बसवाला म्हणतोय की दुरुस्तीसाठी नऊ वाजता पूल बंद होणार आहे.

पूल! शेठनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभरात हजारदा ऐकलेली सबब, आणि तीसुद्धा कुणाला, तर गजरला. "मास्तर, निदान नवं काहीतरी शोधा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग डॉक्टरीणबाईंचा आला. त्या क्लॅरिनेट वाजवत. त्यांनीही तेच सांगितलं, आणि त्या स्वतः सात वाजता चौकात उभ्या आहेत हे ऐकून तर शेठची खात्रीच पटली की गावाने संगनमत केलंय. ज्या बाई दुखऱ्या दाढेसाठी आठच्या आधी उठत नाहीत, त्या सातला चौकात? त्यानंतर फोन वाजतच राहिला. शेठनी तो मैद्याच्या फडताळात ठेवला आणि वर रिकामं पोतं टाकलं. बायको म्हणाली, अहो, एकदा जाऊन बघून तरी या. शेठ म्हणाले, तू गावाला ओळखत नाहीस.

आठच्या सुमाराला ढोलवाला सायकल दामटत बेकरीत शिरला. एरवी तो सलून चालवी, आणि एका गालाची दाढी झाली की दुसऱ्या गालाला 'आलोच' सांगून चहाला जाई. तो धापा टाकत म्हणाला की शेठ, चला, सगळे खोळंबलेत. शेठना त्याचं खरंच कौतुक वाटलं. नऊची वेळ, आणि एकतिसांतला एक चक्क आठला उगवला. त्यांनी त्याची पाठ थोपटली, भट्टीतून काढलेला पाव त्याच्या हातावर ठेवला आणि लोणी पुढे सरकवलं. ढोलवाल्याने पुलाचं सांगून पाहिलं. शेठ मान डोलावत राहिले, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसे. एकट्याने ढोल सायकलवरून नेता येण्यासारखा नव्हता आणि पत्र शेठच्या खिशात. शेवटी काय, पाव गरम होता. आणि ढोलवाला काही झालं तरी आलोचनगरचा होता. पाच मिनिटं बसतो म्हणाला आणि पाऊण तास बसला.

नऊला दोन मिनिटं असताना पावाची गाडी चौकात वळली. शेठ मनगटावरचं घड्याळ बघत ऐटीत उतरले. आता दोन-चार डोकी दिसतील, बाकीच्यांना घराघरातून हुसकून काढायचं, असा त्यांचा बेत होता.

चौकाच्या कट्ट्यावर तीस माणसं ओळीने बसली होती. गणवेशाचं गळ्यापर्यंतचं प्रत्येक बटण लागलेलं, मांडीवर वाद्यं, बुटांना पॉलिश. बसची दारं उघडी होती. बसवाला पायरीवर बसून नखं कुरतडत होता. उन्हं वर आली होती आणि ज्यांच्या बाजूला सावली नव्हती त्यांच्या कपाळावर घाम होता. मास्तर उठले, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नेहमी इतरांना उद्देशून शेठ जे म्हणत तेच म्हणाले.

"आलात का."

शेठचे कान गरम झाले. त्यांनी एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पावणेसातपासून सगळे तिथे होते. गुरुवारी तालीम संपल्यावर, शेठ झोपायला निघून गेल्यावर, त्यांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवून ठरवलं होतं की पोरीसाठी एक दिवस वेळेवर यायचं, आणि शेठना सांगायचं नाही, त्यांना थक्क करायचं. डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ बरोबर लावलं होतं. तीन जण तर झोपलेच नव्हते.

"मी तुम्हाला खोटी वेळ दिली," शेठ म्हणाले. "मला नऊच हवे होते. मला वाटलं, तुम्ही... चुकलो मी. माझ्या पोरीचं मीच वाटोळं केलं."

गाडीतून ढोल उतरवता उतरवता ढोलवाला थांबला. "सात म्हणजे नऊ, हे आम्हाला ठाऊक होतं हो शेठ. इतकं काय कळत नाही? पण म्हटलं, एकदा तुमची खोटी वेळ खरी करून दाखवू."

यावर शेठना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण तेवढ्यालाही वेळ नव्हता. बसवाल्याने भोंगा दाबला. ढोल बसमध्ये चढेपर्यंत नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पूल खरोखरच बंद झाला होता. आता धरणाकडून वळसा घालायचा, म्हणजे पाऊण तास जास्तीचा. बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना पोचू, वाटेत कुत्रं आडवं आलं नाही तर, असं तो म्हणाला. या बसवाल्याला गावात सावकाश म्हणत. चाळीसच्या पुढे त्याची बस कुणी पाहिली नव्हती.

त्या दिवशी पाहिली. धरणाच्या वळणांवर बस अशी काही पळाली की झांजा आपोआप वाजायला लागल्या. एका बाजूला वळली की सगळे डावीकडच्यांच्या मांडीवर, दुसरीकडे वळली की उजवीकडच्यांच्या. कुणी घाबरलं नाही. उलट सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. क्लॅरिनेटवाले बोटं चालवून बघत होते, मास्तर उभे राहून एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ताल देत होते, आणि मैलाचा प्रत्येक दगड दिसला की मागच्या बाकावरून त्यावरचा आकडा ओरडून सांगितला जात होता. आयुष्यात पहिल्यांदा ही माणसं वेळेच्या मागे लागली होती आणि त्यांना त्यात भलतीच मजा येत होती. हे इतकं छान असतं हे आपल्याला कुणी सांगितलं का नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आनंदात नव्हते ते एकटे शेठ. खिशातलं पत्र काढून तेच तेच वाक्य ते वाचत होते, जणू वाचून त्यातला आकडा बदलणार होता.

सव्वाअकराला त्यांनी फडताळातून सोबत घेतलेला, मैद्याने माखलेला फोन काढला आणि मेहुणीला लावला. ती लेकीबरोबर सभागृहात होती. तिचं आयुष्य ठोकेनगरात गेलं होतं. शेठनी सांगितलं की आम्ही रस्त्यात आहोत, पूल बंद होता.

पलीकडे मेहुणीने सुस्कारा सोडला. "भाऊजी, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी शपथेवर सांगितलं. खरंच बंद होता. धरणाकडून आलोय. मेहुणी म्हणाली की बरं बरं, पोरीला सांगते. पण तिचा आवाज असा होता की त्याच आवाजात सकाळी आपण मास्तरांशी बोललो होतो, हे शेठना लख्ख कळलं. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय होतं, ते पन्नासाव्या वर्षी त्यांच्या वाट्याला आलं. ते पुढे जाऊन मास्तरांच्या शेजारी बसले. मास्तरांनी थोडी जागा करून दिली.

पावणेबाराला बस ठोकेनगरात शिरली. रस्ते रुंद, आखीव, मोकळे. बसमध्ये आरोळी उठली. सभागृह चार चौकांवर होतं आणि हातात पंधरा मिनिटं होती. एक चौक गेला, दुसरा गेला. आणि बारा वाजायला दहा मिनिटं असताना शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांची दारं एकदम उघडली. जेवायची सुट्टी. ठोकेनगरात ती सगळ्यांना एकाच मिनिटाला होते आणि सगळे त्याच मिनिटाला बाहेर पडतात. बघता बघता रस्ता गाड्यांनी, सायकलींनी आणि डबे घेतलेल्या माणसांनी खच्चून भरला. बस थांबली ती थांबलीच. बसवाल्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"उतरा," मास्तर म्हणाले.

बत्तीस माणसं, शेठ धरून, वाद्यं छातीशी कवटाळून गर्दीत घुसली. एकमेकांना हाका मारत, लोकांच्या डब्यांना धक्के देत, क्षमा मागत. ढोल मोठा होता, दोघांशिवाय हलेना. एका बाजूने शेठ, दुसऱ्या बाजूने ढोलवाला. गर्दीत शिरले की ढोल अडके, तिरका केला की कुणाच्या तरी पाठीला लागे. शेवटी ढोलवाल्याने पट्टे सोडले, ढोल शेठच्या पाठीवर चढवला आणि छातीवर बक्कल आवळलं. भट्टीसमोर पोती वाहिलेली पाठ, तिला वजनाचं काही वाटलं नाही. शेठ वाकून पळत सुटले आणि त्यांच्या मागे ढोलवाला काठी हातात घेऊन.

सभागृह दिसायला लागलं. समोर मोठी बाग आणि पलीकडे उंच खिडक्यांची इमारत, उकाड्यामुळे सगळ्या खिडक्या उघड्या. बागेच्या फाटकाशी पोचतात न पोचतात तोच मनोऱ्यावरच्या घड्याळाने पहिला ठोका दिला. शेठ फाटकातच थांबले. एक, दोन, तीन. त्यांनी मोजायचं थांबवलं. आता आत कुणीतरी नाव खोडत असेल. लेक पेटी बंद करत असेल आणि मावशीची समजूत घालत असेल, ते शहाणं हसू हसत.

बारावा ठोका विरला आणि उघड्या खिडक्यांतून ट्रंपेट वाजलं.

हाक. तीच. एकटी, लांब, जराही न थरथरता. रस्त्यावरची माणसं डबे हातात धरून मान वर करून बघायला लागली. शेठच्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या. पोरगी रिकाम्या खुर्च्यांपुढे एकटी उभी राहून वाजवत होती. हाक संपली. आता शांतता, आणि मग ढोल यायला हवा. शांतता लांबली. आणि तेवढ्यात तिने हाक पुन्हा सुरू केली, पहिल्यापासून, पहिल्यापेक्षा मोठ्याने. तुकड्यात असं कुठेच नव्हतं.

"शेठ, हलू नका," ढोलवाला मागून म्हणाला.

हाक संपली आणि ढोलवाल्याने काठी हाणली. शेठच्या पाठीतून, बरगड्यांतून, दातांतून तो आवाज गेला. धडाड्. पुन्हा धडाड्. बागेतली पाखरं उडाली. पुढे गेलेले वादक जिथे होते तिथून, झाडांखालून, पायऱ्यांवरून, फाटकातून, वाजवायला लागले. मास्तर हात उंच करून उलट्या पावलांनी चालत होते. सगळा बँड चालत चालत इमारतीकडे सरकला, आणि वरून ट्रंपेट उसळलं, आता हाक नव्हती ती, नुसता आनंद होता. डबेवाल्या लोकांनी दोन्ही बाजूंना होऊन वाट करून दिली. कित्येक जण जेवायची सुट्टी विसरून मागोमाग चालायला लागले. ठोकेनगरात असं कधी झालं नव्हतं.

एकेक वादक वाजवत वाजवत पायऱ्या चढला, दारातून आत गेला आणि आपल्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला. शेठ दारापर्यंत गेले आणि तिथेच अडकले, कारण पाठीवरच्या ढोलासकट ते त्या दारातून जाईनात. मग ते बाहेर पायरीवर वळून उभे राहिले, ढोल दाराकडे करून, आणि ढोलवाल्याने उंबरठ्यावर उभं राहून शेवटपर्यंत त्यांच्या पाठीवर वाजवलं. शेठना आतलं काही दिसलं नाही. त्यांना समोर फक्त रस्ता दिसत होता, आणि त्यावर उभी राहून ऐकणारी शे-दोनशे माणसं.

आत आधी काय झालं होतं, ते नंतर मेहुणीने सांगितलं. बाराला एक मिनिट असताना लेक एकटीच मंचावर चढली. नोंद करणाऱ्या गृहस्थाने रिकाम्या खुर्च्या दाखवून तिला खाली उतरायला सांगितलं. ती म्हणाली, पत्रात सूर लिहिलाय, खुर्च्या नाहीत. अगदी बापासारखी म्हणाली, असं मेहुणीचं म्हणणं. सभागृह हसलं होतं. ढोल ऐकू आल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

टाळ्या थांबायला बराच वेळ लागला. प्राचार्या आपल्या जागेवरून उठून मंचापाशी आल्या आणि त्यांनी लेकीला विचारलं की हाक दोनदा का वाजवलीस. लेक म्हणाली, आमची माणसं येत होती. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग बाहेरच्या पायरीवरच्या त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं. पहिल्या तारखेला सकाळी ठीक आठला वर्ग सुरू होतात, एवढंच सांगून त्या परत जागेवर जाऊन बसल्या. लेकीला याचा अर्थ लागायला वेळ लागला. ती शेवटी आलोचनगरचीच.

बाहेर शेठ पायरीवर बसले होते. ढोल अजून पाठीवरच होता, छातीवरचं बक्कल वाकलं होतं, आणि ढोलवाला पाणी प्यायला जातो, आलोच, असं सांगून गेला होता. वरची खिडकी धाडकन उघडली. लेकीने अर्धं अंग बाहेर काढलं. तिच्या मागे मास्तर, डॉक्टरीणबाई, जागा मिळेल तिथून डोकावणारी सगळी गणवेशातली डोकी.

"बाबा, घेतलं मला! वर या ना लवकर!"

शेठनी मान वर केली. बक्कल ओढून पाहिलं, वाकलेलं ते सुटेना. डोळे पुसले, ते पुन्हा भरले. एकतीस माणसं खिडकीतून त्यांच्याकडे बघत थांबली होती. निघायला किती मिनिटं लागतील ते त्यांना सांगता येईना.

"आलोच," ते म्हणाले.

आणि पुढची वीस मिनिटं ते जागचे हलले नाहीत.